एक दिवस चुकला म्हणून नेम मोडत नाही

रात्री दहाच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावलांचे स्क्रीनशॉट यायला लागतात. दहा हजार, बारा हजार, कुणाचे सूर्यनमस्कार, कुणाचं ध्यान. माणसं स्वतःच्या तब्येतीकडे बघायला लागली याचा मला मनापासून आनंद आहे. पण याच ग्रुपवरची काही नावं दोन-तीन आठवड्यांत दिसेनाशी होतात, आणि मला काळजी त्यांची वाटते.

आमच्या मजल्यावरच्या एक ताई रोज पहाटे उपवनला तलावाकाठी चालायला जायच्या. चेहऱ्यावर वेगळाच तजेला असायचा. मग मुलाला ताप आला, चार-पाच दिवस घरातच गेले. तो बरा झाल्यावर मी म्हटलं, चला उद्यापासून. तर म्हणाल्या, "आता कसलं गं, साखळी तुटली. एक तारखेपासून नव्याने सुरू करते." एक तारीख आली आणि गेली. त्या काही परत आल्या नाहीत. ताप पाच दिवसांचा होता, पण चालणं कायमचं सुटलं. हे मला फार लागलं.

साखळी तुटली की सगळं वाया गेलं, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक साधी सवय लावायला सांगितली होती. कुणी जेवताना फळ खायचं, कुणी जेवणाआधी पळायला जायचं, असं. २०१० मध्ये त्यांचा निबंध छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही.

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात, त्याचं मूळही वेगळंच आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे तोंडातोंडी 'किमान' गळून पडलं आणि २१ चा नियम झाला. दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने विकायला काढलेल्या पेडोमीटरच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांहून अधिक बायकांची पावलं मोजून आय-मिन ली यांनी २०१९ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. साडेचार हजार पावलं झाली म्हणून रात्री हिरमुसून झोपणाऱ्या माझ्या सासूबाईंना मी हे वाचून दाखवलं.

आता आपल्या ठाण्याचा दिवस बघा. माझी मैत्रीण कासारवडवलीला राहते, आम्ही दोघी ऐरोलीला एकाच ऑफिसात. घोडबंदर रोडला एखादा कंटेनर बंद पडला की तिची सकाळ गेली. पावसात लोकल उशिरा, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. पाण्याचा शटडाऊन जाहीर झाला की आदल्या रात्री पिंप, बादल्या भरण्यात अकरा वाजतात. पहाटे पाचला उठा, तासभर वाचा, तासभर व्यायाम करा, असं सांगणाऱ्या व्हिडिओतल्या माणसाचं पाणी कोण भरतं, डबा कोण करतं?

हा प्रश्न मी गंभीरपणे विचारते आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, आणि पुरुषांचा ९७. म्हणजे बाईचे पाच तास आधीच ठरलेले, तेही इतरांच्या घड्याळावर. तिने रोज ठरल्या वेळी, न चुकता, आदर्श दिनक्रम पाळावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आणि तो पाळता आला नाही की ती स्वतःलाच आळशी म्हणते. घरातल्या इतरांनी डब्याचं आणि पाण्याचं काम वाटून घेतलं, तर कुठल्याही ॲपपेक्षा तिचा नेम जास्त टिकेल. हे पुरुष वाचकांनी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

आपल्या घरात गणपतीची पूजा संपताना गुरुजी काय म्हणतात आठवा. 'मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर...' मंत्र चुकला असेल, क्रिया राहिली असेल, भक्तीही कमी पडली असेल, तरी ही पूजा पूर्ण मानून घे. जिथे चूक होऊ नये म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसलेले असतात, तिथे आपल्या वाडवडिलांनी उणिवेसाठी जागा आधीच ठेवली आहे. मग सकाळच्या चालण्याला आपण ती का नाकारायची?

मी स्वतः काय करते ते सांगते. माझ्या प्रत्येक नेमाचं एक लहान रूप ठरलेलं आहे. व्यायाम अर्धा तास, पण धावपळीच्या दिवशी पाचच सूर्यनमस्कार. वाचन दहा पानं, नाहीतर ट्रेनमध्ये उभ्या उभ्या एक. तेही झालं नाही तर तो दिवस सोडून देते, दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करत नाही. भरपाईच्या नादात गुडघा दुखावून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि एक तारीख, सोमवार, गुढीपाडवा, कशाचीच वाट बघत नाही. गुरुवारी दुपारीसुद्धा परत सुरू करता येतं.

येत्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सूचना मांडणार आहे. महिनाअखेरीला ग्रुपवर 'एकही दिवस न चुकवलेल्यांची' यादी टाकतात, ती बंद करूया. त्याऐवजी खंड पडून परत आलेल्यांचं नाव लिहूया. आणि त्याआधी, आज संध्याकाळी, मी शेजारच्या ताईंची बेल वाजवणार आहे. उपवनला नाही जमलं तर गच्चीवर दहा मिनिटं चालू. तुमच्याही मजल्यावर असं कुणी असेल, तर त्यांना जरूर विचारा.