कॉपी म्हणण्याआधी

भारतात नवी गाडी जाहीर झाली की तासाभरात निकाल लागतो: 'पुढून अमकी, मागून तमकी, सगळी कॉपी!' लगेच दुसरी बाजू 'अस्सल भारतीय डिझाइन' म्हणत तावातावाने उभी राहते. पुण्यातले मित्र दोन्हीकडचे फोटो पाठवतात आणि विचारतात, तू तिकडे इटलीत, तुरिनमध्ये राहतोस, तुझं काय मत?

माझं मत असं, की आकार कुणाचा हे ठरवण्याआधी तो कशासाठी आला हे विचारलं पाहिजे, आणि हा प्रश्न आपल्या वादात कुणी विचारतच नाही.

तुरिनच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीने घडवलेली १९४७ सालची चिसितालिया २०२ ही गाडी घ्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती; पुढे ती त्यांच्या कायमच्या संग्रहात गेली. त्याआधीच्या गाड्यांचे मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे, बॉनेट वेगळं, जणू सुटे भाग शेजारी उभे केलेत. चिसितालियात हे सगळं एका पत्र्याखाली आलं आणि बॉनेट दोन्ही मडगार्डांच्या खाली उतरलं. आजही स्पोर्ट्स कारचा 'चेहरा' म्हणून आपण जे ओळखतो, त्यातलं बरंच इथलं आहे. बॉनेट इतकं खाली नेता आलं, कारण आत होतं फियाट ११००चं १,०८९ सीसीचं छोटंसं इंजिन. त्याच घराण्यातलं इंजिन पुढे कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत बसलं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातली ती लाल गाडी आणि दादर स्टेशनबाहेरची काळी-पिवळी इतक्या जवळच्या नात्यातल्या आहेत, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

पद्मिनीच्या मागच्या मडगार्डांवर दोन छोटे पंख होते, आठवतात? त्यांचा उगम लढाऊ विमानात आहे. लॉकहीडच्या पी-३८ विमानाच्या जुळ्या शेपट्या जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी आपल्या डिझायनरांना दाखवल्या, १९४८च्या कॅडिलॅकवर पंख उगवले, मग जगभर त्यांची साथ पसरली. तुरिनच्या फियाटने ते आपल्या मापाने बारीक करून घेतले आणि तिथून ते मुंबईत आले. टॅक्सीला त्यांचा उपयोग शून्य. पण २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी ती 'आपली' म्हणूनच निरोप दिला. कॉपी कुणी म्हटलं नाही.

उलट कितीतरी नामांकित खुणा निव्वळ अडचणीतून आल्या आहेत. बुगाटीने १९३५ मध्ये एक नमुना गाडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत घडवली. हा धातू वेल्डिंगच्या आचेला पेट घेतो, म्हणून पत्र्याच्या कडा बाहेर वळवून रिव्हेटने जोडल्या. गाडीच्या पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत कणा उठून आला. बुगाटीचीच नंतरची अटलांटिक ही गाडी अ‍ॅल्युमिनियमची होती, वेल्डिंग सहज झालं असतं, तरी कणा तसाच ठेवला.

मर्सिडीज ३०० एसएलचं (१९५४) तर सरळ सरळ दिसतं. तिची चेसिस बारीक नळ्यांची. मजबुतीसाठी नळ्या दोन्ही बाजूंनी उंचावरून न्याव्या लागल्या, उंबरठा एवढा वर आला की नेहमीचं दार बसेना. म्हणून दाराच्या बिजागऱ्या टपाला लावल्या आणि दार पंखासारखं वर उघडू लागलं. बॉनेट ठेंगणं ठेवायचं म्हणून इंजिन ५० अंशांत कलतं केलं, तरी त्याचा काही भाग वर येतच होता. तिथे बॉनेटला फुगवटा दिला. आणि मग पलीकडे तसाच दुसरा दिला, ज्याखाली काही नाही, फक्त जोड दिसावी म्हणून. एकाच बॉनेटवर शेजारी शेजारी गरज आणि नटणं! डिझाइन शिकवणाऱ्या प्रत्येकाने तिथे वर्ग भरवावा.

इकडे उसनवारी लपवत नाहीत, हे मला आवडतं. कोण कुणाच्या कारखान्यात उमेदवारी करून आला, हे लोक आपल्याकडे गवयाचं घराणं सांगावं तसं सांगतात. डिझायनर जुजारो फियाटमध्ये होते, मग बेर्तोने आणि गिया या गाड्यांची रूपं घडवणाऱ्या कंपन्यांत, आणि १९६८ मध्ये त्यांनी स्वतःची इटालडिझाइन काढली. वाटेत कुठली रेघ कुठून आली यावर कुणी तलवार उपसत नाही. पण अख्खी गाडी उचलली तर मात्र कोर्ट आहे. फेरारी २५० जीटीओची नक्कल करू पाहणाऱ्यांना २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने अडवलं, ती गाडी कलाकृती आहे असं म्हणत. ते मला मान्य आहे.

महिंद्रने अमेरिकेत विकायला काढलेल्या, जीपसारख्या दिसणाऱ्या रॉक्सर या गाडीबद्दल मात्र मन अजून डळमळतं. महिंद्र १९४७ पासून विलीज या अमेरिकी कंपनीची जीप जोडत आली. तरी २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने रॉक्सरचं रूप जीपच्या ओळखीवर अतिक्रमण करतं असं ठरवलं, आणि बदललेल्या रूपालाच मोकळीक मिळाली. ज्या उभ्या फटींची जाळी म्हणजे जीपचा चेहरा, ती युद्धकाळात फोर्डने आणली होती. सळ्या वेल्ड करण्यापेक्षा एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली जाळी स्वस्त आणि हलकी पडे, एवढंच कारण होतं.

मला खरा राग येतो तो खोट्या जाळ्यांचा. मडगार्डमागची फट इंजिनाची गरम हवा बाहेर काढायला आली. आज तिथे काळं प्लास्टिक चिकटवलेलं असतं, बोट लावलं तर आत जात नाही. युरोपातल्या महागड्या गाड्यांवरही हे आहे, आणि आपल्याकडे तेच 'स्पोर्टी' म्हणून विकलं जातं. त्यावर कुणी चिडत नाही. चिडतात ते दिव्याचा आकार कुणासारखा यावर.

पिनिनफारिना घेण्याचा करार महिंद्र समूहाने २०१५च्या अखेरीस केला, टाटा इंडिकाचं रूप घडवायला याच तुरिनमधली आयडिया ही संस्था हाताशी होती. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. त्यांना देण्यासारख्या अडचणीही आहेत: विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा, कोकणातला पाऊस, खडीची धूळ, गतिरोधकांवर घासणारं पोट, आणि आता त्या पोटातच बसलेली बॅटरी. त्या फेरारी जीटीओच्या नाकावर इंग्रजी डी अक्षरासारख्या तीन खिडक्या आहेत, झाकणं काढता येणाऱ्या. जास्त हवा लागली की उघडायच्या, नाहीतर बंद. चाकणहून पुढची गाडी येईल तेव्हा तिच्या नाकावर नागपूरच्या मे महिन्याने पाडलेल्या खिडक्या असाव्यात, आणि त्या खरोखर उघडाव्यात.