'पिंग'चा फुल फॉर्म नाही

स्पर्धा परीक्षांच्या संगणकाच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फुल फॉर्मच्या याद्यांमध्ये 'पिंग म्हणजे पॅकेट इंटरनेट ग्रोपर' असं हमखास सापडतं. ते चूक आहे. पिंग ही समोरचा संगणक नेटवर्कवर उत्तर देतो का, हे तपासणारी कमांड; तिचं नाव म्हणजे मुळात नुसता आवाज आहे.

इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकापासून आहे. तेव्हा तो बंदुकीच्या गोळीच्या आवाजासाठी वापरत. पुढे पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजालाही तेच नाव पडलं. सोनारचं काम असं: पाण्यात आवाज सोडायचा, तो आदळून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचं.

डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या माइक म्यूस यांनी नेटवर्कमधला बिघाड शोधायला 'पिंग' हा छोटा प्रोग्राम लिहिला. समोरच्या संगणकाला 'एको रिक्वेस्ट' जाते, तिकडून 'एको रिप्लाय' येतो. कमांड दिल्यावर स्क्रीनवर 'टाइम=२४ एमएस' असं दिसतं, तो हा जाऊन-येऊन लागलेला वेळ, मिलिसेकंदांत. एको म्हणजे प्रतिध्वनीच! नाव सोनारवरून घेतलं आणि ते संक्षिप्त रूप नाही, हे म्यूस यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. फुल फॉर्म संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी जुळवल्याचं ऐकलं, असंही त्यांनी लिहिलं आहे.

ऑफिसात आपण 'मला पिंग कर' म्हणतो, तेही यातूनच आलं. प्रश्नसंच छापणाऱ्यांनी 'पिंगचा फुल फॉर्म काय?' हा प्रश्न पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावा. मुलं खोटी माहिती पाठ करताहेत.