नकारापेक्षा संकोच मोठा
मदत किंवा पगारवाढ मागण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की मागायची भीती म्हणजे नकाराची भीती, पण मला वाटतं त्याहून जास्त समोरच्याला त्रास द्यायचा संकोच असतो, तोंडच उघडत नाही. फ्लिन आणि लेक या संशोधकांनी २००८ मध्ये यावरचे प्रयोग छापले, लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी छोटी मदत मागायला पाठवलं, आधी अंदाज विचारला तर वाटलं खूप जणांच्या मागे लागावं लागेल, प्रत्यक्षात अंदाजाच्या साधारण निम्म्याच लोकांना विचारून काम झालं!! समोर उभ्या माणसाला नाही म्हणणं ज्याच्याकडे मागतो त्यालाही जड जातं हे आपण धरतच नाही ना. आणि प्लीज, आडून आडून सुचवत बसू नका, 'जमलं तर बघा' यातून कोणाला काय कळणार, पगारवाढ हवी असेल तर सरळ आकडा सांगा आणि कधीपासून तेही.