मास्टर, ज्युनिअर आणि महागुरू

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा एक 'महागुरू' मीम आलं, म्हणजे अभिनेते सचिन पिळगांवकरांच्या 'मी'पणाची टर उडवणारं. आत्तेभावाने टाकलं, सात-आठ जणांनी हसून लोळणाऱ्या इमोजी टाकल्या, त्यात मीही होतो. थोड्या वेळाने आईचा मेसेज आला. एरवी ती ग्रुपवर सुप्रभातपलीकडे जात नाही. "एवढुसा होता तेव्हापासून बघतेय मी त्याला. हसा." बस, एवढंच. तो 'हसा' जरा लागला. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊनच बसा.

सचिन पिळगांवकरांचा जन्म १७ ऑगस्ट १९५७चा. राजा परांजपे यांचा 'हा माझा मार्ग एकला' १९६३ साली आला, म्हणजे पोरगं पाच-सहा वर्षांचं. या वयात आपल्याला कौतुक मिळतं ते पाहुण्यांसमोर पाढे म्हटल्यावर, तेही एक लिमलेटची गोळी. याला अख्खं थिएटर मिळालं. मग हिंदीत 'मझली दीदी'मध्ये मीनाकुमारीसमोर, 'ब्रह्मचारी'त शम्मी कपूरच्या घरातल्या अनाथ पोरांत. श्रेयनामावलीत नाव 'मास्टर सचिन'.

त्या काळी मुलांना 'मास्टर' आणि मुलींना 'बेबी' लावायची पद्धत होती. गोड वाटतं ऐकायला, पण ती एक्सपायरी डेट होती. आवाज फुटला, ओठांवर लव आली की मास्टर संपला. 'दीवार'मधला लहान विजय आठवा, मास्टर अलंकार. पुढे तो सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेला. त्यात वाईट काहीच नाही, उलट शहाणपणच. पण बहुतेकांचं असंच झालं. प्रेक्षकाला तो गोबरा चेहराच हवा असतो, त्या चेहऱ्याचा माणूस झालेला त्याला आवडत नाही.

सचिनचं मोठं काम मला विचाराल तर 'मास्टर' गळून पडल्यावरही तो उभा राहिला, हे. आणि त्याबद्दल कुणी मीम करत नाही.

१९७५ साल बघा. 'गीत गाता चल'मध्ये तो नायक आणि समोर सारिका, तीही एके काळची बेबी सारिका. हिंदी सिनेमातली दोन लहान मुलं राजश्रीवाल्यांच्या खेड्यात एकदम मोठी होऊन भेटली. त्याच वर्षी 'शोले', प्रदर्शनाची तारीख १५ ऑगस्ट. त्यात अहमद झालेल्या सचिनला अठरा पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते! इमामसाहेबांचा हा मुलगा नोकरीसाठी जबलपूरला निघतो. पुढे पडद्यावर काय दिसतं? गब्बर हातावर चढलेला मुंगळा मारतो आणि गावात घोड्यावरून प्रेत येतं. मारण्याचा प्रसंग चित्रित झाला होता, पण कापला गेला. दुसरा कुणी नवा नायक असता तर रुसून बसला असता. हा मात्र त्या सेटबद्दल सांगतो ते वेगळंच. रमेश सिप्पींनी आपल्याला आणि अमजद खानला चित्रीकरणातली जबाबदारी दिली होती, असं तो मुलाखतींत सांगतो. म्हणजे मिसरूड फुटतानाच त्याची नजर कॅमेऱ्याच्या मागे वळली होती. चेहरा दगा देणार आहे, हात कामाला लावा, हे त्याला लवकर उमगलं असावं. हा माझा अंदाज.

'नदिया के पार'मुळे उत्तरेतली माणसं आजही त्याला चंदन म्हणून ओळखतात. आपल्याकडे तो त्याच सुमारास दिग्दर्शक झाला. 'माय बाप', 'नवरी मिळे नवऱ्याला', 'गंमत जंमत' आणि १९८८ला 'अशी ही बनवाबनवी'.

बनवाबनवी आमच्या घरी वर्षातून चारदा लागतो. पुढच्या वेळी एक करून बघा. लक्ष्याकडे आणि अशोकमामांकडे बघू नका, कठीण आहे, पण नका बघू. सचिनकडे बघा. दिग्दर्शक तो, नायक तो, साडी नेसून 'सुधा'ही तोच. पण अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेले संवाद कुणाचे? धनंजय माने इथेच राहतात का, हे विचारतो लक्ष्या. बायको पार्वतीची ओळख करून देतात अशोकमामा. ज्याला आपण आत्मप्रौढीचा पुतळा म्हणतो, त्याने आपल्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमात टाळ्यांची ताटं दुसऱ्यांच्या पुढ्यात वाढली. (वसंत सबनीसांचे संवाद होते हे खरंच, पण कोण कधी बोलणार आणि कुणी गप्प उभं राहायचं, हे ठरवायला सेटवर दिग्दर्शक लागतो.)

आता दुसरी बाजू. 'एकापेक्षा एक' या टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीत बसून ते महागुरू झाले आणि तिथून 'मी'चं प्रमाण वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मीनाकुमारीकडून उर्दू शिकल्याचं ते अभिमानाने सांगतात, अनेकदा सांगतात, आणि चौथ्यांदा ऐकताना मीही रिमोट शोधतो. अलीकडचा 'नवरा माझा नवसाचा २' मला आवडला नाही. पहिल्या भागातली एसटी दहापट जिवंत होती.

पण पाचव्या वर्षापासून ज्याने टाळी ऐकली, त्याला टाळीआधीचं आयुष्य आठवणार कुठून? आपल्याला निदान माहीत असतं की कुणी न बघताही माणूस जगतो. म्हणूनच 'कट्यार काळजात घुसली'मधला खाँसाहेब त्याला इतका जमला असं मला वाटतं. गळा राहुल देशपांडेंचा, पण चेहरा याचा. समोर पंडितजी गातायत, दरबार वाहवा करतोय आणि खाँसाहेब ती दुसऱ्याला मिळालेली दाद ऐकतोय. थिएटरमध्ये माझ्या शेजारचे काका पुटपुटले, "अरे, हा खरंच जळतोय." २०१५ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी!

आणखी एक. 'ब्रह्मचारी'तल्या त्या पोरांत एक ज्युनिअर मेहमूद होता. खरं नाव नईम सय्यद. विनोदी नट मेहमूदची नक्कल करून नाचायचा, नावही मेहमूदनेच दिलेलं. मोठा झाला, मराठीतही सिनेमे काढले, पण नावातला ज्युनिअर काही सुटला नाही. डिसेंबर २०२३मध्ये कॅन्सरने अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने दोन माणसांना भेटायची इच्छा सांगितली, जितेंद्र आणि सचिन. दोघंही गेले. त्यानंतर काही दिवसांतच, ८ डिसेंबरला, तो गेला. सदुसष्ट वर्षांचा होता. बातमीत नाव छापून आलं, 'ज्युनिअर मेहमूद'.

आईला ही बातमी तेव्हा मी वाचून दाखवली होती. लसूण सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "ती दोन्ही पोरं किती लहान होती रे."