कप भरलेला ठेवायचा होता

परवा व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड आला. धुक्यातला डोंगर, वाफाळती किटली आणि खाली ‘चिनी चहा आपल्याला थांबायला शिकवतो’ छापाचं काहीतरी. पाठवणाऱ्या मित्राने जन्मात टपरीवरच्या कटिंगपलीकडे काही प्यायलेलं नाही. मी त्या चहाच्या मुलखात साडेचार वर्षं काढली, तीही पोटापाण्यासाठी. म्हणून थोडं लिहितो.

२०१५ ते २०२० मी चीनच्या फुच्येन प्रांतात होतो. आपल्याकडचे ग्रॅनाइटचे ब्लॉक शियामेन बंदरात उतरायचे आणि तिथून श्वेइथौला जायचे. श्वेइथौ म्हणजे दगडाचा बाजारच. जिकडे बघाल तिकडे उभ्या लावलेल्या लाद्या, पांढरी भुकटी आणि करवतींचा आवाज. ‘ब्लॉकला तडा निघाला, पैसे कापतोय’ असा मेसेज आला की बॅग उचलायची आणि त्या कारखान्यात जाऊन भांडण मिटवायचं, हे माझं काम.

तिथल्या कुठल्याही ऑफिसात शिरा, आधी दिसतं ते चहाचं टेबल. त्याला पाणी निचरायला जाळी, बाजूला विजेची किटली, आणि मातीचा एक बेडूक, ज्याच्या डोक्यावर उरलासुरला चहा ओततात. शेठ, म्हणजे ‘लाओबान’, त्या टेबलामागेच बसलेला. पाणी उकळलं की सात-आठ ग्रॅम तिएग्वानयिन गायवानात, म्हणजे झाकणाच्या वाटीत. हा चहा शेजारच्याच आन्शी तालुक्यातला. नाव देवी क्वानयिनचं, आणि ती म्हणजे मूळचा आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याहून निघालेला माणूस चहाच्या पुडीवर भेटला, असं मला उगाच वाटायचं. पहिलं पाणी पानं धुण्यापुरतं, ते टाकून द्यायचं. मग दहा-पंधरा सेकंदांत ओतायचं, पण थेट कपात नाही. आधी एका काचेच्या भांड्यात, कारण थेट ओतला तर पहिल्याला फिकट आणि शेवटच्याला कडू. त्या भांड्याचं नावच ‘न्यायाचा कप’ असं आहे. समोर बसून तो माझे पैसे कापणार होता, पण चहा मात्र समसमान.

आणि कप केवढे? दोन घोटांत संपतील एवढे.

पहिल्याच भेटीत माझी जी फजिती झाली ती आजही आठवते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. लाओबानने ओतला, मी प्यायलो. आपल्यावर संस्कार असे की पुढ्यात आलेलं टाकायचं नाही. कप रिकामा झाला की तो लगेच भरायचा. भरला की मी पुन्हा रिकामा करायचो. तो मनात म्हणत असणार, माणूस भारी तहानलेला दिसतोय. मी मनात म्हणत होतो, हा थांबत का नाही? तिसाव्या की बत्तिसाव्या कपाला माझे हात थरथरायला लागले, कपाळावर घाम आला, समोरचा कॅल्क्युलेटर हलताना दिसायला लागला. बायकोला फोन करून निरवानिरवीचं बोलावं असंही वाटून गेलं. लाओबान हसला, खणातून शेंगदाण्याची वडी काढून दिली, हुबेहूब आपली चिक्की, आणि म्हणाला, ‘छात्स्वेइ.’ चहा चढला. त्यांच्याकडे त्याला शब्द आहे!

पुरे झालं की कप भरलेला तसाच ठेवायचा, एवढंच होतं ते. बोलायचं काही नाही. फार तर गार झालेला बेडकावर ओतून एकदा गरम देतात. आपल्या पंगतीत पानावर आडवा हात धरतात, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे हात धरला तरी जिलबी पडतेच, आणि ‘नको’ला ‘आणखी वाढा’ समजायची पद्धत आहे. तिथे भरल्या कपाला मान होता. नाही म्हणायला तोंड उघडावं लागत नाही, आणि समोरच्याला ते ऐकून घेतल्यासारखंही वाटत नाही, ही सोय मला फार आवडली. पुढे तड्याच्या वाटाघाटीतही मी तीच वापरली. आकडा पसंत नसला की बोलायचोच नाही, चहाकडे बघत बसायचो. दोन तासांनी आकडा आपोआप सरकायचा. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

‘चहा माणसाला विरक्त करतो’ हे मात्र ऐकवू नका. वूयी डोंगरातली दाहोंगपाओ नावाच्या चहाची जी मूळ झाडं आहेत, त्यांचा २० ग्रॅम चहा २००५ साली लिलावात २ लाख ८ हजार युआनला गेला. युन्नानच्या फुअर चहाच्या ३५७ ग्रॅमच्या दाबून केलेल्या चकत्या लोक शेअरसारख्या घेऊन ठेवत होते, २००७ मध्ये भाव कोसळले आणि भलेभले बुडाले. विरक्ती कसली डोंबलाची! आणि तिकडे कुणी ‘अमक्याला चहाला बोलावलंय’ असं हळू आवाजात म्हणालं, तर त्याचा अर्थ पोलिसांनी चौकशीला बोलावलंय. आपल्या ‘चहापाण्या’चा चुलतभाऊच.

मला विचाराल तर सगळी गंमत त्या कपाच्या आकारात आहे. आपण मोठा मग भरून चहा देतो आणि मोकळे होतो. माणूस मग घेऊन खिडकीत जातो, मोबाइल काढतो, त्याची आपल्याला गरज उरत नाही. दोन घोटांचा कप संपला की कुणीतरी बघावं लागतं. ओतणाऱ्याची नजर सतत समोरच्याच्या कपावर. एकेका पानावर सात-आठ पाणी निघतात, म्हणजे निदान तासभर दोन माणसं एका टेबलाशी बांधलेली, विषय असो वा नसो. बोलणं संपलं तरी हाताला काम असतं, त्यामुळे गप्प बसणं अवघड वाटत नाही. त्या लाओबानशी माझी चिनी शंभर शब्दांची आणि त्याचं इंग्रजी दहा शब्दांचं. तरी त्याच्या मुलाचं परीक्षेतलं अपयश मला कळलं, आणि माझ्या आईचं ऑपरेशन त्याला.

जानेवारी २०२० मध्ये त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीला घरी आलो तो आलोच. २८ मार्चपासून चीनने परदेशी माणसांना दार बंद केलं. जूनमध्ये माझी नोकरी गेली. घरात मी ‘तिकडचं ऑफिस बंद केलं’ एवढंच सांगितलं. दुसरं काम मिळालं, विषय संपला.

सोबत आणलेला गायवान गेल्या दिवाळीत माळ्यावरून काढला. आईने कप पाहिले आणि म्हणाली, “हे काय, भातुकली मांडलीस?” एक घोट घेऊन, दूध नाही साखर नाही हा कसला काढा, म्हणून ती आत गेली. बाबा बसून राहिले. एसटीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस, बोलणं मोजून तिकिटाएवढं. पहिल्या कपाला त्यांनी “बरा आहे” म्हटलं. नंतरचे तीन कप आम्ही किटलीचा आवाज ऐकत प्यायलो. मी गायवान कडेला सोडून मधोमध धरला, बोट भाजलं, ते हसले. पाचव्या की सहाव्या पाण्याला, कपाकडे बघतच म्हणाले, “तुला तेव्हा काढून टाकलं होतं, हो ना रे?”

मी “हो” म्हणालो. त्यांनी रिकामा कप माझ्याकडे सरकवला. किटलीतलं पाणी संपलं होतं, ते आणायला उठलो.