गणपती झाले की येतंय

दाढ कधी दुखावी याचं कोकणात एक पंचांग आहे, फक्त ते दाढेला कोणी वाचून दाखवलेलं नाही. जुलैमध्ये ठणका लागला तर भातलावणी, भाद्रपदात गणपती, फाल्गुनात शिमगा आणि त्यानंतर आंबा उतरवायचा असतो. एवढ्यातून वेळ काढून माणूस आम्हा दात कोरणाऱ्यांच्या खुर्चीत रूट कॅनालला बसतो तो रात्रभर जागून आणि लवंगेच्या तेलाने हिरडी भाजून घेऊन. ते तेल कापसाला टिपून किडीच्या खड्ड्यापुरतं ठेवायचं असतं. बाटली ओतली की ठणकत्या दाढेच्या जोडीला सोललेला गाल मिळतो.

रात्रीच का ठणकते, हा प्रश्न मात्र रास्त आहे. दाढेच्या पोटात मगज असतो, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या. बोट सुजलं तर फुगतं. मगजाला चारी बाजूंनी चिरेबंदी, त्याने फुगायचं कुठे? त्यात आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो. चहाचा घोट घेतल्यावर कळ येऊन ती बराच वेळ रेंगाळत असेल, तर तो मगज सहसा सुधारत नाही. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्यांनी तर नाहीच. तो काढून मुळांतल्या नळ्या साफ करून भरायच्या, हेच रूट कॅनाल.

मग एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. घरात आनंद. कुत्रा भुंकायचा थांबला म्हणून चोर गेला असं कोणी धरत नाही, पण दाढ गप्प झाली की ती बरी झाली असं सगळे धरतात. खरं तर नस मेलेली असते. जंतू मुळाच्या टोकाशी निवांत पू करत बसतात आणि पुढे कधीतरी हिरडीवर पुळी येते.

ठणका टिपेला पोचेपर्यंत थांबू नये, कारण सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि भूल नीट चढत नाही. भूल चढली की ओठ दोन-तीन तास जड राहतो. तेवढा वेळ जेवू नये, ओठ चावला गेला तरी कळत नाही. मग दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे भोक पाडलेलं पातळ रबर. लाळेतले जंतू आत जात नाहीत, औषध घशात जात नाही, आणि पेशंटला बोलता येत नाही. तिसरा फायदा आमच्या पुस्तकात नाही, पण मी त्याला पहिला नंबर देतो.

दाढेचं छप्पर उघडून नळीत बारीक फाइल, म्हणजे सुईसारखी कानस, घालायची. 10 नंबरच्या फाइलचं टोक 0.10 मिलिमीटर, पुढे 15, 20, 25. खालच्या मोठ्या दाढेत बहुधा तीन नळ्या, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी म्हणजे झाडीत लपलेली पाणंद. ती चुकली की महिन्या-वर्षांनी दुखणं परत. मुळाच्या टोकापासून अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं, ते अंतर यंत्र पीप-पीप करून सांगतं. फाइल कोरते, पण जंतू मारते ती सोडियम हायपोक्लोराइटची धुलाई. कपड्यांच्या ब्लीचचा हा सख्खा भाऊ. शेवटी नळीत गटापर्चा भरतात. हा मलायातल्या एका झाडाचा चीक, कूळ चिकू-बकुळीचं. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांना हाच गुंडाळत. बकुळीच्या सालीने दात घासा म्हणणाऱ्या आजीने इथे मान डोलवायला हरकत नाही.

नंतर दोन-तीन दिवस चावताना थोडं दुखतं, ते चालतं. सूज किंवा ताप आला तर मात्र लगेच यायचं.

पण येतो कोण? दुसऱ्या सिटिंगलाच उत्तर मिळतं, "आता काय दुखणा नाय, गणपती झाले की येतंय." कोणते गणपती, ते सांगत नाहीत. दोन सिटिंगच्या मधल्या काळापुरतं दाढेत भरलेलं कच्चं सिमेंट काही आठवड्यांचं पाहुणं. ते झिजलं की लाळ आत आणि धुलाई पाण्यात.

नळ्या भरून झालेले लोक वेगळे. त्यांचा वाद कॅपवरून. दाढ आतून पोखरलेली, वरचं छप्पर गेलेलं, भिंती तेवढ्या उभ्या. तिच्यावर कॅप न घालता श्रीवर्धनी रोठा सुपारी फोडली, की चीर थेट मुळापर्यंत जाते आणि मग काढण्याशिवाय इलाज उरत नाही. तरी दोन्ही तुकडे रुमालात बांधून आणतात आणि विचारतात, "डॉक्टरांनू, आता टोपी बसात मां?"