"थांबायचं नाही" म्हणे!

लेक आज सकाळी ड्रायव्हिंग क्लासवरून आली आणि चहा गाळता गाळता सहज म्हणाली, "आई, सर म्हणाले, कुणाला ठोकलंच तर थांबायचं नाही. पब्लिक मारतं. सरळ निघायचं." क्लासचा चौथा दिवस. क्लच अजून धड सोडता येत नाही, गाडी तीनदा बंद पडते. पण पळायचं कसं, ते शिकून झालं!

सकाळपासून डोकं फिरलंय माझं. भाजी लागली, तरी उठले नाही.

माझ्या मामाची गोष्ट काहीजणांना माहितीये. २०११ चा डिसेंबर, लोणंद-फलटण रस्ता, पहाटे साडेपाच, धुकं. टेम्पोत डाळिंबाचे क्रेट. पुढे उसाची ट्रॉली, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. अगदी जवळ गेल्यावर ती दिसली, मामानं स्टेअरिंग उजवीकडे मारलं आणि समोरून सायकलवर एक आजोबा डेअरीला दूध घालायला निघालेले. किटली हँडलला. मामा म्हणतो, आधी आवाज किटलीचाच आला.

मामा थांबला. क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवले, आजोबांना टेम्पोत घेतलं, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी टेम्पोतच नाडी बघितली आणि मान हलवली. तिथून तो स्वतः पोलिसांकडे गेला. कुणी धरून नेलं नाही. ट्रॉली? ती कारखान्यावर पोचली असणार. तिचं नाव कुठल्याच कागदात नाही.

फिर्यादीत काय होतं? "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात." हे वाक्य तुम्हीही पेपरात शंभरदा वाचलं असेल. दारू पिऊन फुटपाथवर गाडी घालणाऱ्यालाही हेच, धुक्यात ट्रॉली चुकवणाऱ्यालाही हेच. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, हयगयीनं मृत्यू. जास्तीत जास्त दोन वर्षं, जामीनपात्र. मामा संध्याकाळी घरी आला. टेम्पो मात्र ठाण्याच्या आवारात राहिला. आरटीओवाले ब्रेक तपासणार, मग कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो अशा लेखी हमीवर, सुटणार. दीड महिना गेला त्यात. हप्ता चालूच.

आणि मग तारखा. सात वर्षं! साक्षीदार आला नाही, साहेब रजेवर, वकिलांचा संप. दर तारखेला धंदा बंद.

नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, त्याच गुन्ह्याला, कलम १०६ खाली, दोनाची पाच वर्षं झालीत. उपचारात हयगय झाली तर डॉक्टरांना मात्र दोनच ठेवली. वाढवा, माझी हरकत नाही. आकडा वाढवला की तारखा कमी होतात का, एवढंच कुणीतरी सांगा.

हो, कळतंय मला. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना "चुकून" हा शब्द शिवीसारखा लागतो. आणि मामा त्या ट्रॉलीमागे आधीच दमानं असता तर स्टेअरिंग मारावं लागलं नसतं. मान्य.

पण आपण सगळे कसे वागतो ते बघा. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि सतरा वर्षांच्या पोराला जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध, तेव्हा मीही इथेच आग ओकली होती. बरोबरच होतं ते. आजही एक शब्द मागे घेणार नाही. त्याआधी २००६ ला मुंबईत कार्टर रोडवर एका गाडीनं फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले, हायकोर्टानं सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली, सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ती कायम ठेवली. सात माणसं, तीन वर्षं. राग नाही येणार तर काय? पण तोच राग आपण रस्त्यावर पहिल्या सापडलेल्या टेम्पोवाल्यावर काढतो. आणि सापडतो कोण? जो थांबला तोच!

म्हणून मग क्लासचे सर म्हणतात, थांबू नका.

आता जरा शांतपणे लिहिते. सर पूर्ण खोटं बोलत नाहीत. पब्लिक मारतं. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमातसुद्धा जमावाच्या क्षोभाची सूट लिहिलेली आहे, त्यामुळे शक्यच नसेल तर जखमीला नेता नाही आलं हे कायदाही समजून घेतो. पण पुढे काय लिहिलंय? जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं, लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत. सरांनी ते निम्मं वाक्य गाळलं. निम्मंच शिकवायचं, तर फी पण निम्मी घ्या.

आणि न सांगता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा असं नव्या कायद्यात, १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, लिहिलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप आठवतोय? आपण पेट्रोल पंपावर रांगा लावल्या आणि ड्रायव्हर लोकांना शिव्या घातल्या. मी पण. त्यांना भीती कसली होती? सरांना आहे तीच. सरकारनं कलम बाजूला ठेवलं, १ जुलैला बाकी सगळा कायदा लागू झाला, ते तेवढं राहिलं. आता पळालेल्याला पळाल्याबद्दल वेगळं काय? मोटार वाहन कायद्याखाली पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, फार तर दोन्ही.

मामा पळाला असता तर काय झालं असतं माहितीये? त्या पहाटे बघणारं दुसरं कुणी नव्हतं. गाडी सापडली नाही तर मृत्यूची सरकारी भरपाई तेव्हा होती पंचवीस हजार. २०२२ पासून दोन लाख झाली. मामा थांबला म्हणून टेम्पोच्या विम्यातून आजोबांच्या घराला ट्रिब्युनलनं, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टानं, साडेचार लाख दिले. तेही कमीच, पण म्हशी विकाव्या लागल्या नाहीत.

किटलीचं राहिलं. ती मुद्देमालात होती. चेपलेली, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी सुतळीनं बांधलेली, वर लाखेचं सील. साक्षीच्या दिवशी ती टेबलावर ठेवली. झाकण उघडलं नाही कुणी, पण मामा म्हणतो मला वास आला. सात वर्षांनी कसला वास येणार? पण येतो म्हणाला.

निर्दोष सुटला. "भरधाव" म्हणजे किती, हे एकाही साक्षीदाराला सांगता आलं नाही. नुसत्या वेगावरून हयगय सिद्ध होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच सांगून ठेवलंय. मामीनं पेढे आणले, मामानं खोका उघडू दिला नाही. अपिलाची मुदत संपल्यावर किटली न्यायला आजोबांचा मुलगा आला तेव्हा मामा कोर्टाच्या बाहेर उभा होता, बोलावलं नसताना. दोघं चहा प्यायले. काय बोलले ते मामानं आजवर सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे टाइप करता करता मामाला फोन लावला. सरांचं सगळं सांगितलं, वाटलं चिडेल. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तायडे, पोरीला एवढंच सांग, उसाच्या ट्रॉलीच्या मागं लागली तर घाई करू नको म्हणावं. पार कारखान्यापर्यंत मागंच राहा."

आणि फोन ठेवला.